परळभर पाणी

चैत्र सरत आला आणि उन्हाचा ताव वाढू लागला, की आपल्याकडे घरोघरी एक छोटीशी गोष्ट घडते. कोणी खिडकीच्या कठड्यावर, कोणी गच्चीच्या कोपऱ्यात, तर कोणी आवारातल्या आंब्याच्या किंवा चिकूच्या सावलीत मातीचे एक परळ पाण्याने भरून ठेवतो. नाशिक-नागपूरकडे हे दृश्य जसे दिसते तसेच ते बडोदे, इंदूर, हैदराबाद, दिल्ली येथील मराठी घरांतही दिसते. थोड्या वेळाने त्या परळावर साळुंकी येते, बुलबुल येतो, होला येतो. भिंतीवरून खार उतरते. भर दुपारी मधमाश्या काठाशी ओळीने बसतात. घरातली मुले हे सारे पाहण्यात रमून जातात. पुढे पंधरा-वीस दिवसांनी मुलांचा उत्साह ओसरतो, थोरांना कामे असतात, आणि एखाद्या दुपारी साळुंकी येऊन कोरड्या परळात चोच आपटून निघून जाते. बहुधा ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते ह्या परळाच्या इतिहासाविषयी. एवढ्याशा मातीच्या भांड्याला इतिहास तो कसला, असे आपणांस वाटेल. परंतु मुक्या प्राण्यांसाठी पाणी ठेवण्याची ही रीत आपल्या देशात सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली. ती राजांच्या हातून सावकारांच्या हाती, गावाच्या विहिरीवरून घराच्या परसात आणि परसातून शहराच्या रस्त्यावर आली. ह्या प्रवासात तिला ज्या अडचणी पडल्या, त्यांतली मुख्य अडचण अगदी ह्या कोरड्या परळाचीच होती. पाणी ठेवणारे पुष्कळ झाले, पण उद्या ते कोणी भरायचे, ह्याचे उत्तर थोड्यांनाच देता आले.

आरंभ सौराष्ट्रातून करू. जुनागढहून गिरनारकडे जाताना वाटेवर एक प्रचंड शिळा लागते. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाने आपले चौदा लेख तिच्यावर कोरविले. त्यांतल्या दुसऱ्या लेखात राजा सांगतो, की आपल्या राज्यात सर्वत्र, आणि चोल, पांड्य, ताम्रपर्णी अशा सीमेपलीकडील प्रदेशांतही, आपण दोन प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केली आहे. एक माणसांसाठी, एक पशूंसाठी. औषधी वनस्पती जेथे नव्हत्या तेथे त्या नेऊन लावल्या आहेत. आणि रस्त्यांच्या कडेने विहिरी खणविल्या आहेत, झाडे लावविली आहेत. ती कोणासाठी, हे सांगताना ह्या शिळेवर जो सामासिक शब्द आला आहे तो मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. तो शब्द आहे ‘पसुमनुसानं’. पशूंच्या आणि मनुष्यांच्या उपभोगासाठी! विहिरीच्या लाभार्थ्यांत पशूचे नाव आधी घेतले आहे आणि माणसाचे मागून.

ही शिळा दूर सौराष्ट्रात आहे खरी. परंतु अशाच लेखमालिकेतील आठव्या व नवव्या लेखांचे तुकडे आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर, मुंबईजवळच्या सोपारे गावी सापडले आहेत. पहिला तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांना १८८२ मध्ये मिळाला, दुसरा १९५६ मध्ये हाती आला. म्हणजे विहिरींचा हा दुसरा लेखही त्या प्राचीन बंदरात एके काळी उभा असावा, असे मानण्यास जागा आहे.

अशोकाचा दुसरा साक्षीदार दिल्लीत आहे. फिरोजशहा कोटल्यावर जो उंच स्तंभ दिसतो तो मूळचा तोपरा गावचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो यमुनेतून नावांवर घालून दिल्लीस आणविला. त्याच्यावरील सातव्या लेखात अशोक पुन्हा विहिरींचा, वडाच्या सावलीचा आणि ठिकठिकाणच्या पाणपोयांचा उल्लेख करतो. आणि लगेच म्हणतो, की हे सुख तसे क्षुल्लकच आहे. पूर्वीच्या राजांनीही अशी सुखे लोकांना दिली होती. मी हे केले ते लोकांनी धर्माप्रमाणे वागावे म्हणून. म्हणजे विहीर खणणे हे त्याच्या दृष्टीने नुसते बांधकाम नव्हते. लोकांना त्यातून एक वळण लागावे, ही अपेक्षा होती. त्याच मालिकेच्या पाचव्या लेखात, मारू नयेत अशा प्राण्यांची यादी दिली आहे. तीत आरंभीच ‘सुक’ आणि ‘सालिका’ ही नावे येतात. सुक म्हणजे पोपट आणि सालिका म्हणजे सारिका, आपली साळुंकी. आपल्या परळावर पहिली येते तीच ही.

आता पुन्हा गिरनारच्या शिळेकडे वळू. कारण तिच्यावर अशोक एकटा नाही. त्याच शिळेवर महाक्षत्रप रुद्रदामन् ह्याचा इसवी सन १५० च्या सुमाराचा एक लेख आहे, आणि स्कंदगुप्ताच्या काळातला, पाचव्या शतकाच्या मध्याचा, आणखी एक. ह्या दोन्ही लेखांचा विषय एकच आहे, तो म्हणजे त्या परिसरातील सुदर्शन तलाव. चंद्रगुप्त मौर्याच्या पुष्यगुप्त नावाच्या अधिकाऱ्याने तो बांधला. अशोकाच्या वेळी तुषास्फ नावाच्या अधिकाऱ्याने त्याला पाट काढून दिले. पुढे एका मार्गशीर्षात भयंकर वादळ झाले, नद्यांना पूर आले आणि बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल पडले. मंत्र्यांनी सांगितले, की हे काम होण्यासारखे नाही. प्रजा आक्रोश करू लागली. तेव्हा रुद्रदामनाने नवा कर न बसविता आणि वेठबिगार न लावता, आपल्या खजिन्यातून पैसा घालून तो बांध पूर्वीपेक्षा मजबूत करून घेतला, असे तो लेख सांगतो. पुढे तीनशे वर्षांनी बांध पुन्हा फुटला आणि स्कंदगुप्ताच्या चक्रपालित नावाच्या अधिकाऱ्याने तो पुन्हा बांधला.

म्हणजे एकाच दगडावर एक लेख पाणी दिल्याचा आहे आणि दोन लेख पाणी टिकविल्याचे आहेत. आज तो सुदर्शन तलाव नाही. ज्या काळी त्याला डागडुजी करणारा भेटला नाही त्या काळी तो संपला. सातशे वर्षे तो टिकला, ह्याचे श्रेय बांधणाऱ्याइतकेच दुरुस्त करणाऱ्यांनाही दिले पाहिजे.

टिकविण्याच्या ह्या प्रश्नाला महाराष्ट्रात एक वेगळे उत्तर शोधले गेले. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात ह्याचे लेख आहेत. दमण, तापी, डहाणू अशा परिसरांतील नद्यांच्या दोन्ही तीरांवर आपण विश्रांतिस्थाने आणि प्रपा स्थापन केल्या, असे तो सांगतो. प्रपा म्हणजे वाटसरूला पाणी पाजण्याचे ठिकाण. आपल्या ‘पाणपोई’ शब्दातल्या ‘पोई’च्या मुळाशी हीच प्रपा आहे, असे मानले जाते. पण मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्याच लेण्यातला दुसरा व्यवहार. तेथे राहणाऱ्या भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व इतर खर्चासाठी उषवदाताने तीन हजार कार्षापणे गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. ह्याला त्या काळी ‘अक्षयनीवी’ म्हणत. हे दान पाण्याचे नव्हते, वस्त्रांचे होते, हे खरे. परंतु आपण गेल्यावर हे काम कोण करील, ह्या प्रश्नाचा विचार दोन हजार वर्षांपूर्वी केवढ्या व्यवहारचातुर्याने झाला होता ते त्यातून कळते. दानाची तारीख एक असते, गरज मात्र रोजची असते, हे त्या दात्याने ओळखले होते.

राजे आणि धनिक ह्यांची गोष्ट झाली. सामान्य घरात काय होते? सामान्य घरात परळ नव्हते, कारण त्याची गरजच नव्हती. आपल्या खेड्यातली जुनी विहीर डोळ्यांपुढे आणा. विहिरीच्या कडेला दगडी डोण असे. पाणी शेंदणारी बाई घागर भरण्यापूर्वी किंवा नंतर एखादा पोहरा त्या डोणीत रिता करी, आणि संध्याकाळी रानातून येणारी गुरे तेथे तोंड घालीत. मळ्यातल्या मोटेचे पाणी थारोळ्यात पडून पाटाने वाहू लागले, की पाटाच्या काठाने साळुंक्या, बगळे, धोबी हे पक्षी हजर. घराच्या मागे न्हाणीचे सांडपाणी केळीच्या बुंध्याशी आणि अळूच्या वाफ्यात सोडलेले असे. तेथे बारा महिने ओल असे. बेडूक असे, बुलबुल आंघोळ करी, मुंगूस पाणी पिऊन जाई. कोणी मुद्दाम पुण्य म्हणून हे करीत नव्हते. माणसाच्या रोजच्या पाणी भरण्यातून जे सांडे, ओघळे, उरे, त्यावर पाखरांचा आणि रानजीवांचा उन्हाळा निघे. रोज नवे पाणी येई, रोज जुने वाहून जाई. उद्या कोण भरणार, हा प्रश्नच नव्हता. कारण माणसाला स्वतःलाच रोज पाणी लागत होते.

जोडीला धर्माचा आधार होता. पंचमहायज्ञांतल्या भूतयज्ञात जेवणापूर्वी इतर जीवांसाठी अन्नाचा भाग बाजूला काढण्याची रीत होती. वैशाखात अक्षय्य तृतीयेला उदककुंभाचे दान असे. अहिल्याबाई होळकरांसारख्या राज्यकर्त्या स्त्रीने देशभर विहिरी व घाट बांधले, ते ह्याच भावनेने.

परंतु ह्या इतिहासाची दुसरी बाजू लपवून चालणार नाही. विहिरीवरच्या डोणीत गुराला तोंड घालता येत होते. तळ्यावर कावळा, कुत्रा, म्हैस ह्यांना मज्जाव नव्हता. त्याच पाण्याला स्पर्श करण्यास लाखो माणसांना मात्र बंदी होती. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले ह्यांनी सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा ठराव मांडला आणि तो संमत झाला. महाड नगरपालिकेनेही त्याला अनुसरून आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. पण ठराव कागदावर राहिला. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर त्या लोकांवर मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल अस्पृश्य मानलेल्यांच्या बाजूने लागला तो १९३७ मध्ये, दहा वर्षांनी.

पशूला पाणी आणि माणसाला नकार, असा हा भूतदयेचा व्यवहार होता. अशोकाने ‘पशू’ हा शब्द आधी ठेवला खरा, पण ‘मनुष्य’ हा शब्द त्याने गाळला नव्हता. मुक्या जीवांसाठी पाणी ठेवणाऱ्याने ही आठवण नेहमी जवळ बाळगावी असे मला वाटते. योगायोग असा, की नाशिकच्या एका संस्थेच्या पुढाकाराने २०१० पासून जागतिक चिमणी दिन पाळला जाऊ लागला, त्याचीही तारीख २० मार्च हीच आहे. त्या दिवशी चिमणीसाठी परळ भरताना महाडची ती ओंजळ आठवली, तर त्या परळाचा अर्थ अधिक पुरा होईल.

एकोणिसाव्या शतकात शहरे वाढली आणि पाण्याचे हे जुने गणित बदलले. लंडनमध्ये पटकीच्या साथींनी लोक हैराण झाले होते. १८५९ मध्ये सॅम्युएल गर्नी ह्या गृहस्थाच्या पुढाकाराने तेथे शुद्ध पाण्याचे सार्वजनिक कारंजे उभारणारी एक संस्था निघाली, आणि त्याच वर्षी एप्रिलात पहिले कारंजे एका चर्चच्या कठड्यात बसविले गेले. आठ वर्षांनी, १८६७ मध्ये, त्या संस्थेने आपल्या नावात गुरांच्या हौदांचा समावेश केला. कारण शहराची सारी वाहतूक घोड्यांवर होती, बाजारात येणारी गुरे मैलोगणती चालून येत, आणि त्यांच्यासाठी वाटेत पाण्याचा थेंब नव्हता.

मुंबईत १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी आले. पुढे तुळशी आणि तानसा ह्यांची भर पडली. नळाच्या पाण्यावर आपल्या जुन्या प्रपेला नवा अवतार मिळाला. भातबाजारात केशवजी नायकांच्या नावाची पाणपोई १८७६ मध्ये झाली. बोरीबंदरच्या स्थानकाचे शिल्पकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स ह्यांनी आखलेली मुळजी जेठा ह्यांच्या नावाची देखणी पाणपोई कोटात १८९० च्या दशकात उभी राहिली. कापसाच्या व्यापारावर पैसा मिळवणारे हे लोक. त्यांचा माल वाहणारे बैल दिवसभर ह्याच रस्त्यांवर राबत होते. म्हणून मुंबईच्या अनेक पाणपोयांना माणसांसाठी वर तोटी आणि खाली जनावरांसाठी हौद अशी योजना असे. काहींवर पाखरांसाठीही जागा ठेवलेली असे. ‘पसुमनुसानं’ हा शब्द जणू दगडात पुन्हा घडविला गेला.

पण ह्या पाणपोयांचे पुढे काय झाले? बैलगाड्या गेल्या, घोडागाड्या गेल्या. नळजोडण्या तुटल्या. देखभालीची जबाबदारी कोणाची, हे ठरेना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांतल्या अनेक कोरड्या पडल्या. कित्येकांच्या हौदांत कचरा साठला. अलीकडच्या वर्षांत काहींचा जीर्णोद्धार झाला आहे, ही आनंदाची गोष्ट. मात्र दात्याचे नाव कोरलेला संगमरवर शाबूत आणि तोटी कोरडी, हे दृश्य पाहिले म्हणजे उषवदाताच्या अक्षयनीवीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

घरच्या विहिरीचे नशीब ह्याहून वेगळे ठरले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. त्या शोधाने पाण्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटली. मुंबईतील हिवतापाची पाहणी करून डॉ. बेंटली ह्यांनी १९११ मध्ये अहवाल दिला. तेथील हिवताप पसरविणारा डास मुख्यतः घरोघरच्या विहिरींत वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. मग विहिरी बुजविण्याची किंवा झाकण्याची मोहीम सुरू झाली. लोकांनी तक्रारी केल्या. पारशी, हिंदू, जैन ह्या सर्वांच्याच धर्मकृत्यांना विहिरीचे पाणी लागे. काही ठिकाणी झाकणे व जाळ्या बसवून तडजोड झाली, पुष्कळ विहिरी कायमच्या बुजल्या. आरोग्यखात्याला दोष देता येणार नाही. हिवतापाने माणसे मरत होती. पण विहीर गेली तिच्याबरोबर डोण गेली, ओघळ गेला, परसातली ओल गेली. सांडपाणी जमिनीखालच्या गटारात गेले. घरात तोटी आली आणि तोटीखालचा थेंबसुद्धा मोरीत नाहीसा झाला. माणसाला पाणी सोपे झाले आणि पाखराला ते दिसेनासे झाले.

आपल्या परळाचा खरा जन्म येथे होतो. जे पूर्वी आपोआप सांडत होते ते आता कोणीतरी आठवणीने ठेवावे लागते. म्हणून हे परळ ठेवणे म्हणजे कोणावर उपकार करणे नव्हे. आपल्या सोयीसाठी जे आपण बंद केले त्याची ती थोडीशी भरपाई आहे.

आणि ती भरपाई करताना बेंटलींचा अहवाल विसरता येत नाही. साचलेले पाणी म्हणजे डास, हे आज डेंग्यूच्या दिवसांत आपण सारेच जाणतो. पाखरांसाठी ठेवलेल्या भांड्यात शेजारच्या मुलाला आजारी पाडणारा डास वाढला, तर त्या दयेला काय म्हणावे? येथे निसर्गाचेच एक गणित उपयोगी पडते. उष्ण हवेत अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठवडाभर लागतो. पाणी रोज ओतून टाकले तर अळी कधीच डास होत नाही. मात्र डेंग्यूचा डास आपली अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवतो आणि ती कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. म्हणून नुसते पाणी बदलणे पुरे नाही. काथ्याने किंवा घासणीने भांड्याची कड घासली पाहिजे. ज्यांच्या बागेत मोठा हौद किंवा कमळाचे कुंड आहे, त्यांनी त्यात गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खाऊन टाकतात. मात्र तेथले मासे नदी-तळ्यांत नेऊन सोडू नयेत.

हाच नियम पाखरांच्या आरोग्यालाही लागू आहे. इंग्लंडमध्ये २००५ नंतर ग्रीनफिंच नावाच्या हिरवट पक्ष्याची संख्या एका परजीवी रोगाने झपाट्याने घटली. बागांमध्ये लोक प्रेमाने दाणापाणी ठेवतात, तेथे अनेक पक्षी एकत्र येतात आणि लाळेने दूषित झालेल्या दाण्यापाण्यातून तो रोग एकमेकांना देतात, असे आढळून आले. न घासलेले भांडे माणसाला डास देते, तसे पाखराला रोग देते. दोन्हींवर उपाय एकच, आणि तो जुन्या विहिरीवर आपोआप होत होता. जुने पाणी जावे आणि नवे यावे, रोजच्या रोज.

परळ कसे असावे, हेही थोडे सांगतो. पक्ष्यांना घाम येत नाही. उन्हात ते चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि त्यातून अंगातले पाणी वेगाने कमी होते. किडे किंवा फळे खाणाऱ्यांना अन्नातून काही पाणी मिळते, पण चिमणी, होला असे दाणे खाणारे पक्षी पाण्यावाचून राहू शकत नाहीत. भांडे उथळ असावे. काठाशी बोटाच्या एका पेराएवढे आणि मध्ये फार तर दोन पेरांएवढे पाणी पुरते. धातूचे भांडे तापते. मातीचे बरे, कारण ते थोडे पाझरते आणि पाणी गार ठेवते. कड गुळगुळीत नसावी. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे लहान पाखराला उभे राहता येते आणि चुकून पडलेल्या मधमाशीला वर चढता येते. मधमाशी पाणी नेते ते केवळ पिण्यासाठी नव्हे. पोळ्यावर ते पसरून पंखांनी वारा घालते आणि पोळे थंड ठेवते. परळ सावलीत असावे. जवळ एखादे झुडूप असावे, पण मांजराला दबा धरता येईल इतके लगत नसावे. जमिनीवर ठेवलेले दुसरे भांडे खारीला, बेडकाला, सरड्याला उपयोगी पडते. क्वचित त्यावर सापही येईल, म्हणून ते घराच्या दारापासून दूर, बागेच्या टोकाला असावे.

एवढे सांगूनही मूळ गोष्ट उरतेच. पाण्याच्या जागा पाखरांच्या पाहण्यात राहतात. ज्या परळावर ते दहा दिवस आले त्यावर अकराव्या दिवशीही येतात. आपण सुट्टीला गावी गेलो हे त्यांना कळत नाही. म्हणून परळ ठेवताना आपणही एक छोटीशी अक्षयनीवी ठरवून ठेवावी. सकाळचा चहा झाल्यावर घासणे हे एकाचे काम, दुपारी पुन्हा भरणे हे दुसऱ्याचे, आणि गावी जाताना ते शेजाऱ्यांच्या हवाली करणे सर्वांचे. घरातल्या मुलाला हे काम दिले तर त्याहून चांगले. परळ त्याने ठेवले ह्याचे कौतुक पहिल्या दिवशी करावे. पण त्याने ते वैशाख संपेपर्यंत रोज घासले, तर त्याचे कौतुक अधिक करावे.

गिरनारच्या शिळेवर रुद्रदामनाच्या त्या नकार देणाऱ्या मंत्र्यांची नावे नाहीत. भगदाड फार मोठे आहे, हे काम होणार नाही, असे म्हणणाऱ्यांची नावे सहसा कोठे कोरली जात नाहीत. आपल्यापुढचे भगदाड तर फार लहान आहे. विटेएवढ्या उंचीवर ठेवलेले एक परळ, आणि ते भरण्यासाठी तांब्याभर पाणी. उद्या सकाळी साळुंकी त्यावर येईल, तेव्हा ते भरलेले असावे, एवढेच आपल्याला करायचे आहे, आणि परवाही.